गार्डनर संग्रहालयांतील चोरी : उपलब्ध साधनांची परीक्षा

(१)

अमेरिकेंतील बोस्टन शहरीं इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर यांच्या वस्तुसंग्रहालयांत ता. १८ मार्च १९९० रोजीं मध्यरात्रीनंतर जी चोरी झाली, तिचा उलगडा अद्यापि झालेला नाहीं. चोरीस गेलेल्या तेरा वस्तूंपैकीं एकहि परत मिळालेली नाहीं, आणि या चोरीच्या आरोपावरून आजवर एकाहि मनुष्यास अटक झालेली नाहीं. वस्तू सांपडल्या नाहींत, चोर सांपडले नाहींत. परंतु या प्रकरणावरील वाङ्मय मात्र सारखें वाढत आहे. सन २००९ मध्यें अल्रिक बोझर यांचा ग्रंथ निघाला, सन २०१५ मध्यें स्टीफन कर्कजियन यांचा निघाला, सन २०२१ मध्यें चार भागांची चित्रपटमालिका निघाली. बोझर यांनीं हॅरॉल्ड स्मिथ या दिवंगत तपासकाच्या कामापासून आरंभ केला. कर्कजियन हे 'बोस्टन ग्लोब' पत्राचे मुरलेले बातमीदार. दोघांचेहि परिश्रम मोठे आहेत, व त्यांच्या ग्रंथांवांचून या विषयाच्या अभ्यासकाचें चालणार नाहीं. तथापि दोघे निरनिराळ्या माणसांपाशीं येऊन थांबतात. आणि सरकारी तपासखातें तर चोरांची ओळख पटल्याचें सांगून त्यांचीं नांवें सांगण्याचें नाकारतें.

एकाच घटनेचीं अनेक कथनें जेथें आढळतात, तेथें कोणतें कथन अधिक रसाळ आहे हें न पाहतां, कोणत्या कथनाच्या मुळाशीं काय पुरावा आहे हें पाहावें, हा इतिहाससंशोधनाचा पहिला पाठ होय. अस्सल पत्र आणि मागाहून रचलेली बखर यांतील भेद या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. प्रस्तुत लेखांत हाच भेद या अर्वाचीन प्रकरणास लावून पाहण्याचें योजिलें आहे. चोर कोण, या प्रश्नाचें उत्तर येथें दिलेलें नाहीं. त्या रात्रीसंबंधानें निश्चित काय म्हणतां येतें, काय केवळ संभाव्य आहे व काय निराधार आहे, एवढेंच येथें पाहावयाचें आहे. ज्यांच्यावर आरोप शाबीत झाला नाहीं अशांचीं नांवें या लेखांत घातलेलीं नाहींत. तीं इतरत्र हवीं तितकीं छापलीं गेलीं आहेत.

(२)

प्रथम त्या रात्रीचीं समकालीन साधनें पाहूं. तीं चार प्रकारचीं आहेत : पहारेकऱ्यांच्या जबान्या, दालनांतील हालचाल टिपणाऱ्या यंत्रांची नोंद, चोरांनीं मागें टाकलेल्या वस्तू, आणि संग्रहालयाची स्वतःची वस्तूंची यादी.

ता. १७ मार्च हा सेंट पॅट्रिकचा सण. तो साजरा करून शहर नुकतेंच झोपीं जात होतें. रात्रीं १ वाजून २४ मिनिटांनीं पोलिसांच्या वेषांतील दोन इसमांनीं बाजूच्या दरवाजाची घंटा वाजविली, व दंग्याच्या तक्रारीवरून आलों असें सांगितलें. पहाऱ्यावर दोघेच होते. त्यांपैकीं एकानें नियमाविरुद्ध त्यांस आंत घेतलें. बाहेरच्या पोलिसांस इशारा देणारी एकच कळ होती व ती त्याच्या मेजापाशीं होती. 'तुझ्या नांवानें पकडवॉरंट आहे' अशा बहाण्यानें त्यास मेजापासून दूर आणलें गेलें. पुढें दोन्ही पहारेकऱ्यांस हातकड्या घालून, तोंडास चिकटपट्ट्या गुंडाळून तळघरांत बांधून ठेवण्यांत आलें. चोर आंत ८१ मिनिटें होते. मालासाठीं दोन खेपा करून २ वाजून ४५ मिनिटांनीं ते निघून गेले. खरे पोलिस सकाळीं सवाआठच्या सुमारास आले, तोंपर्यंत पहारेकरी तळघरांतच होते.

वेळेचा हा तपशील इतका नेमका मिळतो तो यंत्रांमुळें. जातांना चोरांनीं चित्रफितीच्या पेट्या व यंत्राच्या नोंदीचा छापील कागद नेला. परंतु तीच नोंद यंत्राच्या स्मृतींत शाबूत राहिली. दप्तर जाळावें आणि त्याची दुसरी प्रत अन्यत्र निघावी, तसाच हा प्रकार आहे. चोरांची पावलें कोणत्या दालनांत केव्हां पडलीं हें त्यावरून कळतें. सर्व प्रकरणांत साक्षीदाराच्या लोभाशीं वा भयाशीं ज्याचा संबंध नाहीं असें हें एकच साधन आहे, आणि म्हणून त्याचें मोल सर्वांत अधिक आहे.

गेलेल्या वस्तू अशा : डच दालनांतून रेंब्रांटचीं दोन तैलचित्रें, 'गॅलिलीच्या सरोवरावरील वादळ' व 'काळ्या वेषांतील स्त्री आणि पुरुष', दोन्ही १६३३ सालचीं, त्याचेंच टपालाच्या तिकिटाएवढें एक कोरीव आत्मचित्र, व्हर्मीरचें 'संगीत' नामक चित्र, गोव्हार्ट फ्लिंकचें १६३८ मधील स्तंभयुक्त निसर्गदृश्य, आणि चीनच्या शांग राजवटींतील कांशाचें एक पानपात्र. जवळच्या लहान दालनांतून देगा याचीं कागदावरील पांच चित्रें व नेपोलियनच्या शरीरसंरक्षक पलटणीच्या निशाणाच्या काठीवरील गरुड. खालच्या मजल्यावरील निळ्या दालनांतून मानेचें 'तोर्तोनीच्या येथें' हें लहान चित्र. एकूण तेरा. या मालाची किंमत पुढें सरकारी खात्यानें ५० कोटी डॉलर धरली. चोरीचा विमा संग्रहालयानें उतरविलेला नव्हता.

(३)

आतां मतांकडे वळूं. कोणा गुप्त रसिकानें आपल्या खासगी दालनासाठीं ही चोरी घडवून आणली, हें मत सर्वांत लोकप्रिय व सर्वांत दुबळें आहे. वरील यादीच त्याचें खंडन करिते. त्याच वास्तूच्या तिसऱ्या मजल्यावर तिशियनचें 'युरोपा' हें चित्र आहे; संग्रहांतील सर्वश्रेष्ठ वस्तु म्हणून तें प्रसिद्ध आहे. चोर त्या मजल्यावर गेलेच नाहींत. डच दालनांतील रेंब्रांटचें १६२९ मधील तरुणपणचें आत्मचित्र त्यांनीं भिंतीवरून उतरविलें, आणि एका पेटीस टेकवून तेथेंच सोडलें. तें लांकडी फळीवर आहे, कापडाप्रमाणें चौकटींतून कापून काढतां येत नाहीं. रेंब्रांटचीं दोन्ही मोठीं चित्रें धारदार हत्यारानें कापून काढलीं. निशाणाची चौकट उघडण्याच्या खटपटींत वेळ घालविला, आणि अखेर काठीवरील गरुड तेवढा नेला. रसिकाचा माणूस वादळाचें चित्र कापीत नाहीं, आणि व्हर्मीर हातीं असतां गरुडापायीं वेळ दवडीत नाहीं.

या यादीवरून एवढेंच अनुमान निघतें कीं, संग्रहालयाच्या पहाऱ्याची माहिती चोरांस चांगली होती, परंतु कलेची माहिती बेताची होती. इशाऱ्याची कळ एकच आहे हें त्यांस ठाऊक होतें. पोलिस लवकर येणार नाहींत याची त्यांस खात्री होती, नाहींतर ८१ मिनिटें कोणी थांबत नाहीं. माहिती घरांतून मिळाली कीं बाहेरून टेहळणी करून मिळाली, हें मात्र यादी सांगूं शकत नाहीं.

येथेंच निळ्या दालनाचा प्रश्न उत्पन्न होतो. मानेचें चित्र ज्या दालनांतून गेलें तेथें चोरीच्या ८१ मिनिटांत कोणीहि शिरल्याची नोंद यंत्रांत नाहीं. त्यापूर्वी पहारेकऱ्यानें गस्त घातली, तेवढीच नोंद आहे. शिवाय त्या चित्राची रिकामी चौकट सुरक्षाधिकाऱ्याच्या कचेरींतील खुर्चीवर ठेविलेली आढळली. यावरून आंतल्या माणसाचा हात होता असा निष्कर्ष अनेकांनीं काढिला आहे. शंका घेण्यास ही जागा योग्य आहे, यांत संशय नाहीं. परंतु हें अनुमान मौनावरून केलेलें आहे. एखाद्या शकावलींत लढाईचा उल्लेख नाहीं म्हणून लढाई झालीच नाहीं असें आपण म्हणत नाहीं. शकावलीकाराच्या नजरेंतून काय सुटूं शकतें हें आधीं पाहतों. यंत्राच्या मौनासहि तोच नियम लागू आहे. सर्व नोंदी व यंत्रांच्या तपासणीचा संपूर्ण अहवाल अभ्यासकांपुढें येईपर्यंत या मौनास संशयाचें बळ आहे, पुराव्याचें नाहीं. असें असतां काहीं लेखकांनीं या एका मुद्द्यावर एका माणसाचें उभें आयुष्य टांगून ठेविलें, हें न्याय्य झालें नाहीं.

संशय आणि पुरावा यांत गल्लत केली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण चित्रचोरीच्या इतिहासांतच आहे. सन १९११ मध्यें पॅरिसच्या लूव्हरमधून 'मोना लिसा' गेली तेव्हां अपोलिनेर या कवीस संशयावरून तुरुंगांत घातलें गेलें, पिकासोची चौकशी झाली, आणि वृत्तपत्रांनीं नाना तर्क लढविले. दोन वर्षांनीं, १९१३ मध्यें, फ्लॉरेन्स येथें चित्र सांपडलें तेव्हां चोर निघाला लूव्हरमध्यें कांचा बसविण्याचें काम केलेला एक इटालियन कामगार.

(४)

चोरीनंतरच्या साधनांत पहिलें महत्त्वाचें म्हणजे सन १९९४ मधील निनांवी पत्र. संग्रहालयाच्या संचालिकेस तें आलें. २६ लक्ष डॉलर व माफी मिळाल्यास माल परत करवूं, आणि मान्य असल्यास 'बोस्टन ग्लोब' पत्रांत इटालियन लिऱ्याच्या हुंडणावळीच्या दरांत १ हा आंकडा अधिक छापावा, अशी त्यांत मागणी होती. ता. १ मे १९९४ च्या अंकांत तो आंकडा छापला गेला. पुढें दुसरें पत्र आलें. पोलिसांच्या हालचालीनें लेखक बिथरलेला दिसला, आणि मग कायमचें मौन. हा पत्रव्यवहार अस्सल आहे, एवढें अंकावरून सिद्ध होतें. पत्रलेखकाजवळ चित्रें होतीं हें मात्र त्यावरून सिद्ध होत नाहीं. पत्राची अस्सलता आणि पत्रांतील मजकुराची सत्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत ग्रंथकार वारंवार करतात.

दुसरें प्रकरण सन १९९७ चें. 'बोस्टन हेरल्ड' पत्राचे बातमीदार टॉम मॅशबर्ग यांस एका रात्रीं दूरच्या गोदामांत नेऊन विजेरीच्या उजेडांत एक गुंडाळलेलें कापड उलगडून दाखविण्यांत आलें. तें 'वादळ' हेंच चित्र असें त्यांस वाटलें. मागाहून रंगाच्या कांहीं खपल्याहि मिळाल्या. परंतु तपासणींत त्या 'वादळा'च्या नसल्याचें ठरलें. शिवाय साडेतीनशें वर्षांचें, रंगरोगणाच्या थरांनीं ताठलेलें कापड सहज गुंडाळतां व उलगडतां यावें, यावर जाणत्यांनीं शंका घेतली. बातमीदाराच्या प्रामाणिकपणावर आक्षेप नाहीं. पण काळोखांत क्षणभर पाहिलेल्या वस्तूची ओळख पुराव्यांत धरतां येत नाहीं. शिवाय बक्षिसाचाहि विचार केला पाहिजे. आरंभीं तें दहा लक्ष डॉलर होतें, १९९७ मध्यें पन्नास लक्ष झालें, २०१७ मध्यें एक कोटि झालें. गरुडासाठीं एक लक्षाचें निराळेंच बक्षीस आहे. बक्षिसानें तोंडें उघडतात हें खरें, पण उघडलेल्या तोंडांतून सत्यच बाहेर पडतें असें नाहीं. इनामासाठीं पुढें आलेली वंशावळ संशोधक जशी दुप्पट सावधपणें वाचतो, तशाच या जबान्याहि वाचल्या पाहिजेत.

तिसरें प्रकरण सरकारी घोषणेचें. चोरीस २३ वर्षें झालीं त्या दिवशीं, ता. १८ मार्च २०१३ रोजीं, एफ. बी. आय. या मध्यवर्ती तपासखात्यानें जाहीर केलें कीं, चोरांची ओळख पटली आहे. माल कनेक्टिकट व फिलाडेल्फियाच्या बाजूस गेला, व सुमारें दहा वर्षांपूर्वी फिलाडेल्फियांत त्यांतील कांहीं वस्तू विक्रीस काढल्या गेल्या. नांवें सांगितलीं नाहींत. २०१५ मध्यें, संशयित दोघेहि मृत आहेत, असें सांगण्यांत आलें. या घोषणेवर प्रस्तुत लेखकाचा आक्षेप स्पष्ट आहे. अधिकाऱ्याचें वचन हें साधन नव्हे. साधनाकडे नेणारी ती एक सूचना आहे. चालू तपासाची गुप्तता समजण्यासारखी आहे. परंतु मूळ चोरीचा खटला भरण्याची पांच वर्षांची मुदत १९९५ मध्येंच संपली, आणि खात्याच्याच म्हणण्याप्रमाणें चोर आतां जिवंत नाहींत. मग कोणत्या पुराव्यावरून ओळख पटली, तो कागद किती जुना, साक्षीदार किती, हें सांगण्यास कोणती अडचण आहे? चोरीचा माल बाळगणाऱ्याचा गुन्हा अजून जिवंत आहे, हें एकच कारण संभवतें. तेंहि नांवांपुरतें लागू पडेल, सर्व पुराव्यास नव्हे. पुरावा न दाखवितां निर्णय सांगणें हें न्यायाधीशास शोभत नाहीं, आणि संशोधकास तर मुळींच मान्य होण्यासारखें नाहीं.

(५)

मग उरतें तें संभाव्य मत कोणतें? मोठीं चित्रें विकतां येत नाहींत. तीं जगास ठाऊक असतात. परंतु तीं ओलीस ठेवतां येतात. बोस्टनमध्येंच माइल्स कॉनर नामक प्रसिद्ध चित्रचोरानें १९७५ मध्यें तेथील ललितकलासंग्रहालयांतून रेंब्रांटचें एक चित्र पळविलें, आणि तें परत करण्याच्या मोबदल्यांत दुसऱ्या गुन्ह्याची शिक्षा कमी करून घेतली. १९९० मध्यें तो स्वतः तुरुंगांत होता. पण त्याचा धडा शहराच्या गुन्हेगारी जगास अवगत होता. व्हर्मीरच्या चित्रांचा इतिहासहि हेंच सांगतो. १९७१ मध्यें ब्रसेल्स येथून 'प्रेमपत्र' पळविणाऱ्यानें पूर्व पाकिस्तानच्या निर्वासितांसाठीं द्रव्य मागितलें. १९७४ मध्यें लंडनच्या केनवुडमधून 'गिटारवादिका' व आयर्लंडमधील रस्बरो वाड्यांतून दुसरें एक चित्र गेलें, त्या दोन्ही वेळां आयरिश कैद्यांसंबंधीं मागणी करण्यांत आली. हीं सर्व चित्रें परत मिळालीं. तेव्हां गार्डनर संग्रहांतील मालहि सौद्यासाठींच नेला असावा, व सौदा करणारे मध्यंतरीं मेले, मारले गेले किंवा भ्याले, हें मत इतर सर्वांपेक्षां सुसंगत आहे. कर्कजियन यांच्या ग्रंथाचें बळ हा हेतु नीट मांडण्यांत आहे. तथापि सुसंगति म्हणजे सिद्धि नव्हे. इतरत्र असें घडलें म्हणून येथेंहि असेंच घडलें, हें उदाहरण झालें, प्रमाण झालें नाहीं.

(६)

या सर्व वाङ्मयाचा मोठा दोष असा कीं, चोरांच्या चरित्रांत तें इतकें गुंतलें आहे कीं गेलें काय याचा त्यास विसर पडतो. गुंडांच्या टोळ्यांस प्रकरणांमागून प्रकरणें मिळतात, चित्रांस दोन चार पानें. वास्तविक संशोधकाच्या दृष्टीनें हीं चित्रें म्हणजे केवळ धन नव्हे, साधनें आहेत. आणि हरवलेल्या साधनाबरोबर त्यावरचे प्रश्नहि अडून राहतात.

'काळ्या वेषांतील स्त्री आणि पुरुष' हें चित्र घ्या. क्षकिरणांनीं पाहतां त्या दोघांच्या मध्यें एक मूल मूळ काढलेलें होतें व मागून पुसून टाकलें, असें दिसून आलें. या चित्राच्या कर्तृत्वाविषयीं रेंब्रांटच्या अभ्यासकांत मतभेद झालेले आहेत. फ्लिंकचें निसर्गदृश्य तर दीर्घकाळ रेंब्रांटचें म्हणूनच गणलें जात होतें. तें शिष्याचें आहे हें बारकाईच्या अभ्यासानें ठरलें. असे निर्णय छायाचित्रावरून होत नाहींत. रंगाचे थर, कापडाची वीण, फळीचें लांकूड हीं मूळ वस्तूंतच असतात. ज्या दिवशीं चित्र गेलें त्या दिवशीं त्याच्यावरील वाद मिटला नाहीं, गोठला.

सर्वांत मोठी हानि व्हर्मीरच्या 'संगीत' चित्राची. या चित्रकाराचीं जेमतेम ३४ ते ३७ चित्रें आज मानलीं जातात. त्याच्या मृत्यूनंतर दोन शतकें त्याचें नांव जवळजवळ लोपलें होतें. थोरे नांवाच्या फ्रेंच पत्रकारानें, 'ब्यूर्गर' हें टोपणनांव घेऊन, संग्रहामागून संग्रह धुंडाळून, याद्या ताडून, १८६६ मध्यें या चित्रकारावर लेखमाला लिहिली व त्यास विस्मृतींतून वर काढिलें. त्याच्या यादींतील पुष्कळ चित्रें पुढें इतरांचीं ठरलीं. परंतु मार्ग त्यानेंच घालून दिला. 'संगीत' हें चित्र खुद्द थोरेच्या संग्रहांतलें. १८९२ मध्यें पॅरिसच्या लिलावांत तें गार्डनरबाईंनीं २९,००० फ्रँकांस घेतलें. संशोधनानें पुन्हां उजेडांत आणलेल्या चित्रकाराचें, संशोधकाच्याच घरांत राहिलेलें हें चित्र पुन्हां अंधारांत गेलें आहे.

त्या चित्रांत एक तरुणी वाद्य वाजविते, एक स्त्री गाते, आणि आपणांकडे पाठ करून एक पुरुष बसला आहे. मागच्या भिंतीवर जें चित्र टांगलेलें दाखविलें आहे तें डर्क व्हान बाबुरेनचें 'कुंटीण' होय. व्हर्मीरच्या सासूच्या मालमत्तेच्या १६४१ मधील यादींत अशा विषयाच्या चित्राचा उल्लेख सांपडतो. म्हणजे चित्रकारानें कल्पना केली नाहीं, घरांतली वस्तु काढली, असें मानण्यास आधार मिळतो. बाबुरेनचें तें १६२२ मधील चित्र आज बोस्टनच्याच ललितकलासंग्रहालयांत, गार्डनर संग्रहालयापासून थोड्या पावलांवर आहे. दोन्ही चित्रें शेजारी ठेवून माप, रंग व रेषा ताडून पाहण्याची संधि एका शहरास लाभली होती. मूळ आहे, त्यावरून काढलेली प्रतिमा गेली.

(७)

गार्डनरबाईंनीं (१८४०–१९२४) व्हेनिसच्या वाड्याच्या धर्तीवर बांधून १९०३ मध्यें उघडलेलें हें संग्रहालय जसें लावलें तसेंच ठेवावें, अशी अट मृत्युपत्रांत घातली आहे. त्या अटीस धरून व चित्रें परतण्याच्या आशेनें डच दालनांत आज रिकाम्या चौकटी टांगलेल्या आहेत. बेल्जममधील गेंट येथें याहून वेगळी रीत स्वीकारली गेली. तेथील भव्य वेदीचित्राची 'न्यायी पंच' ही फळी १९३४ मध्यें चोरीस गेली, ती अद्यापि सांपडलेली नाहीं. तिच्या जागीं व्हँडरव्हेकन यानें केलेली प्रत बसविलेली आहे. दर्शनार्थ्यास प्रत बरी वाटेल. परंतु साधनाच्या दृष्टीनें रिकामी चौकट अधिक प्रामाणिक आहे. जुना कागद छापतांना फाटलेल्या जागीं आपण टिंबें देतों, पदरचे शब्द घालीत नाहीं. बोस्टनच्या संग्रहालयानें भिंतीवर तीं टिंबें दिलीं आहेत. या चोरीच्या इतिहासकारांनीं मात्र फाटलेल्या जागा आपल्या नांवांनीं भरून काढल्या आहेत.

यापुढील काम म्हणून दोन गोष्टी सुचतात. यंत्रांची समग्र नोंद, त्यांच्या तपासणीचा अहवाल व पहारेकऱ्यांच्या मूळ जबान्या यांचें सटीप प्रकाशन व्हावें. इतक्या वर्षांनंतर तें लपवून तपासाचा लाभ होत आहे असें दिसत नाहीं. आणि तेराहि वस्तूंचीं मापें, डाग, जोड, क्षकिरणचित्रें, पूर्वीच्या डागडुजीच्या नोंदी हें सर्व एके ठिकाणीं छापलें जावें. ॲमस्टरडॅमहून २००२ मध्यें गेलेलीं व्हान गॉगचीं दोन चित्रें १४ वर्षांनीं नेपल्सजवळ एका घरांत निघालीं. गार्डनर संग्रहांतील एखादें चित्र उद्यां असेंच कोठें निघालें, तर तें खरें कीं नक्कल हें ठरविण्यास चोराचें चरित्र उपयोगी पडणार नाहीं; त्या वस्तूचें चोख वर्णन तेवढें उपयोगी पडेल.